उतार किती अंशांचा?

गिर्यारोहक आणि स्कीइंग करणारे हिमस्खलनात दगावतात, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ वेळा ते हिमस्खलन त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेलं असतं. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण मला त्यात दिलासाही वाटतो. कोणत्या उतारावर पाय ठेवायचा, हे शेवटी आपणच ठरवतो.

साचलेला बर्फ एकसंध दिसला तरी तो थराथरांचा असतो. प्रत्येक वादळ, प्रत्येक निरभ्र थंड रात्र त्यात आपली भर घालते. जमिनीलगतच्या बर्फाचं तापमान शून्याच्या जवळपास राहतं, वर मात्र कडाक्याची थंडी. बर्फ जाड असेल तर हा फरक हळूहळू विभागला जातो. पातळ असेल तर नाही. दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडू लागला की बर्फातली वाफ वर सरकते आणि जुन्या कणांचे मोठे, कोनदार स्फटिक होतात. त्यांची एकमेकांवर पकड नसते, मुठीत घेतले तर ते साखरेसारखे ओघळतात. म्हणून सुरुवातीला थोडाच बर्फ आणि मग लांबलेली कोरडी थंडी, असा हिवाळा जाणकारांना अस्वस्थ करतो.

या भुसभुशीत थरावर पुढच्या वादळाचा घट्ट थर बसतो. त्याला स्लॅब म्हणतात. माणसाच्या वजनाने खालचा थर एका जागी चिरडला की तिथून भेग झपाट्याने पसरते आणि वरची स्लॅब एकदम सुटते. ही भेग सपाट जागेवरूनही पळते, त्यामुळे पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसामुळेही वरचा उतार कोसळू शकतो.

इतक्या गुंतागुंतीत खात्रीने मोजता येणारी एक गोष्ट आहे: उताराचा कोन. बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. ३० अंशांखाली त्या क्वचितच सुटतात आणि फार उभ्या कड्यांवरून बर्फ साचण्याआधीच वरचेवर झडत राहतो. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, कोनमापक खिशात असावा. त्याआधी घरीच नकाशा उघडावा. समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या असतील, तर ३० अंशांच्या उतारावर लगतच्या दोन रेषांमधलं आडवं अंतर सुमारे ३५ मीटर भरतं. त्याहून कमी भरलं, तर उतार धोक्याच्या पट्ट्यात शिरला. मात्र रेषांच्या मधल्या छोट्या उभ्या टप्प्यांचा पत्ता नकाशा देत नाही. आणि आपली वाट सौम्य असली तरी डोक्यावरचा उतार कसा आहे, हेही मोजायलाच हवं.

मग हवामान. एका दिवसात ३० सेंटिमीटर नवा बर्फ पडला, तर सावध व्हावं. त्याहून फसवा वारा. तो एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला टाकतो, आणि तिथे हिमवृष्टीपेक्षा दहापट वेगानेही बर्फ साचू शकतो. आकाश निरभ्र असतानाही हे चालू असतं. पाऊस किंवा अचानक वाढलेली उष्णताही थर कमकुवत करते.

युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी वापरतात. तिच्यातली तिसरी पायरी अनेकांना मधली, म्हणून ठीकठाक वाटते. प्रत्यक्षात पायरीगणिक धोका सारखा वाढत नाही, तो झेपा घेत वाढतो. तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या वजनानेही स्लॅब सुटू शकते, आणि त्या पायरीवर फार बळी जातात.

डोंगर स्वतःही इशारे देतो. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन, पायाखाली बर्फ बसल्याचा ‘धप्प’ आवाज, स्कीच्या टोकापासून पळणारी चीर: यातलं एक जरी दिसलं तरी माघारी फिरावं. इशारे दिसले नाहीत म्हणून धोका टळला, असं मात्र मानू नये.

काहीजण बर्फात खड्डा खणून ९० सेंटिमीटर रुंद आणि मागच्या दिशेने ३० सेंटिमीटर खोल खांब सुटा करतात. त्याच्या एका टोकावर फावडं ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा थापा मारतात आणि भेग आरपार जाते का ते पाहतात. माझ्या मते ही चाचणी एकाच दिशेने वापरावी. निकाल वाईट आला तर परतायचं; चांगला आला तर त्या एका खड्ड्यापुरतंच कळलं. दहा पावलांवर स्लॅब पातळ असू शकते, आणि पातळ जागीच माणसाचं वजन खालच्या थरापर्यंत सहज पोहोचतं. आधी गेलेल्यांच्या खुणांनीही धीर येतो. पण दहा जण सुखरूप गेले, याचा अर्थ त्यांचे पाय त्या पातळ जागी पडले नाहीत, इतकाच असू शकतो.

४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव रेडिओ संकेताने लावणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाकडे असायलाच हवं. तरीही गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, पुढे आशा झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात सोबतीच काय ते करू शकतात. म्हणून संशयित उतार एकेकट्याने ओलांडावा. बाकीच्यांनी वरून सुटलेला बर्फ पोहोचणार नाही अशा जागी थांबून जाणाऱ्यावरची नजर काढू नये. आणि खाली घळ, कडा किंवा झाडं असतील, तर तो उतार सोडून दुसरी वाट धरावी, कारण घळीत थोडासा बर्फही माणसाला खोल गाडतो.