लोवेल: तोच आकडा, वेगळी माणसं

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल शहराची लोकसंख्या १९२० च्या जनगणनेत १,१२,७५९ होती. पुढे ती घसरली, १९८० मध्ये ९२ हजारांवर आली आणि जुना आकडा ओलांडायला थेट २०२० उजाडलं: १,१५,५५४. शंभर वर्षांनी आकडा जवळपास तोच, पण माणसं पार वेगळी.

गावाचं नशीब मेरिमॅक नदीच्या उतारात होतं. पॉटकेट धबधब्यापाशी नदी सुमारे ३२ फूट खाली येते. बॉस्टनच्या धनिकांनी १८२० च्या दशकात तिथे कालवे काढून पाण्याच्या जोरावर कापडगिरण्या चालवल्या. ज्यांचं नाव गावाला दिलं, ते फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच वारले होते.

पहिल्या कामगार म्हणजे आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीच्याच बोर्डिंगात राहायचं, एका पलंगावर दोघींनी झोपायचं, पहाटे घंटा झाली की उठायचं आणि दिवसाचे बारा-तेरा तास मागावर उभं राहायचं. आपल्या गिरणगावात भोंगा होता, तिथे घंटा, एवढाच काय तो फरक. १८३४ मध्ये पगार कापले तेव्हा या मुलींनी संप केला. १८३६ मध्ये बोर्डिंगचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा. मग मालकांना आयरिश मजूर स्वस्त पडू लागले. त्यांच्यामागून फ्रेंच कॅनेडियन आले, ग्रीक आले.

कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांच्या घामाचा. त्याच गुलामांसाठी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाला दक्षिणेत ‘लोवेल’ म्हणत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर अनेक गिरणीमालकांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला आणि कामगारांना घरी बसवलं. त्याच टंचाईवर मुंबईचे कापूसव्यापारी १८६५ पर्यंत गब्बर झाले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

१९२० नंतर धंदा दक्षिणेकडे सरकला. तिथे मजुरी कमी आणि यंत्रं नवी. दहा वर्षांत लोवेलची साडेबारा हजार माणसं कमी झाली. नंतर बराच काळ रिकाम्या गिरण्या आणि बेकारी. शांघायमध्ये जन्मलेल्या ॲन वँग यांची संगणक कंपनी १९७० च्या दशकात इथे आली आणि गाव सावरलं, पण १९९२ मध्ये तिचंही दिवाळं निघालं. सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेले तिचे टॉवर १९९४ च्या लिलावात सव्वापाच लाखांना गेले!

आता शहराचा भार विद्यापीठ आणि रुग्णालयं वाहतात. विद्यापीठाचं एक मूळ १८९५ च्या वस्त्रोद्योग शाळेत आहे. १९७८ मध्ये गिरण्यांचा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. ‘बूट’ नावाच्या कापडगिरणीच्या संग्रहालयात जुने माग अजून धडधडतात आणि बघ्यांना कानात घालायला बोळे मिळतात.

त्याच सुमारास कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीच्या कत्तलीतून वाचलेली कंबोडियन कुटुंबं येऊ लागली. आज त्यांची ही वस्ती अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या खालोखाल मानली जाते आणि लोवेलमध्ये पाचातला एक जण आशियाई वंशाचा आहे. लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले सोखारी चाऊ जानेवारी २०२२ मध्ये शहराचे महापौर झाले.