शिक्क्याचे १,४४,००० आणि न मोजता येणारा समुदाय

"ख्रिस्ती स्वर्गात फक्त १,४४,००० जागा आहेत, असं बायबलमध्येच लिहिलंय ना?" कोणी हे चेष्टेने विचारतं, कोणी खरोखरच्या काळजीने. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. आकडा बायबलमध्ये आहे, पण जागांचा हिशेब नाही. प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, सातव्या अध्यायात दोन दृश्यं एकाला एक लागून येतात. पहिल्यात १,४४,००० दासांच्या कपाळी देवाचा शिक्का बसतो. दुसऱ्यात कोणालाही मोजता न येणारा समुदाय राजासनापुढे उभा असतो. आकडा आणि "मोजता येत नाही" ही कबुली एकाच पानावर आहेत. लोक आकडा तेवढा उचलतात आणि पान मिटतात.

दुसरं दृश्य तुम्हाला ठाऊकच असेल. अंत्यविधीच्या उपासनेला बसलेल्या कोणाच्याही कानावरून ते गेलेलं असतं: शुभ्र झगे, हातात झावळ्या, सर्व राष्ट्रांचे आणि सर्व भाषांचे लोक, भूक नाही, तहान नाही, आणि त्यांच्या डोळ्यांचे अश्रू देव स्वतः पुसतो. त्यावर इथे फार बोलायला नको. घोळ होतो तो पहिल्या दृश्याचा, आणि मुख्य म्हणजे पहिल्याचं दुसऱ्याशी नातं काय याचा.

या घोळाला थोडा हातभार चर्चच्या वाचनांचाही आहे. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, कॅथलिक मिस्सेत पहिलं वाचन याच अध्यायातून असतं, वसईत असो वा रोममध्ये. वाचतात वचनं २ ते ४, आणि मग एकदम ९ ते १४. मधली चार वचनं गाळलेली. कारण समजतं: "यहूदाच्या वंशातले बारा हजार, रऊबेनाच्या वंशातले बारा हजार" असं बारा वेळा वाचलं तर मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात. पण त्यामुळे १,४४,००० आणि अगणित समुदाय एका श्वासात कानावर पडतात, आणि ऐकणाऱ्याला ते एकच चित्र वाटतं. दोन्ही एकच लोक आहेत असं माझंही मत आहे, पण ते मत अशा गाळणीतून यावं हे मला पसंत नाही. सगळी गंमत त्या गाळलेल्या चार वचनांत आहे.

वरवरचे फरक झटकन उरकतो. पहिलं दृश्य पृथ्वीवरचं: चार देवदूत चार वारे अडवून धरतात, आणि शिक्के मारून होईपर्यंत भूमी, समुद्र, झाडं यांना धक्का लावायचा नाही असा हुकूम होतो. दुसरं राजासनापुढचं. पहिलं संकटाआधीचं, दुसरं "मोठ्या संकटातून" आलेल्यांचं. शिक्का इथे, झावळ्या तिथे. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आता खरा प्रश्न. हे दर्शन पाहून लिहून ठेवणाऱ्या योहानाने सातव्या अध्यायात १,४४,००० लोक पाहिलेलेच नाहीत. त्याने आकडा ऐकला. चौथं वचन उघडून बघा: शिक्का मारलेल्यांची संख्या त्याच्या कानावर आली. मग नवव्या वचनात, "ह्यानंतर मी पाहिले", आणि डोळ्यांपुढे उभा राहतो तो न मोजता येणारा समुदाय. कान एक सांगतात, डोळे दुसरंच दाखवतात.

हा योगायोग नाही असं मी ठामपणे म्हणतो, कारण दोनच अध्याय आधी योहानाने हेच केलेलं आहे. पाचव्या अध्यायात वडीलमंडळातला एक जण त्याला सांगतो: रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान बघतो तर तिथे सिंह नाही. वधलेल्यासारखा कोकरा उभा आहे. दोन प्राणी आहेत असं कोणी म्हणत नाही. सिंह आणि कोकरा हे एकाच ख्रिस्ताविषयी बोलणं आहे, आणि डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी ऐकलेल्याचा अर्थ उलगडतं. मग तीच रचना सातव्या अध्यायात आली की दोन वेगळे गट का पाडायचे? दिंडीच्या वहीत गावागणिक माणसांची नोंद असते, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहिलं की नजरेला नुसता जनसागर दिसतो, तसंच हे. माणसं तीच.

मग यादी कशाची? जुन्या करारातल्या गणनेच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचलेला माणूस लगेच ओळखेल. तिथे मोशे वंशावंशाने वीस वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांची मोजणी करतो. ३१व्या अध्यायात मिद्यानाशी लढायला प्रत्येक वंशातून हजार, असे १२,००० निघतात. प्रकटीकरणातली यादी त्याच घाटाची आहे: सैन्याची हजेरी. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड बॉकहम यांनी हा मुद्दा तपशिलात मांडला आहे आणि मला तो पटतो. ऐकू येते ती फौजेची हजेरी, आणि दिसतात ते मार खाऊन, जीव देऊन जिंकलेले लोक. सिंह ऐकला आणि कोकरा दिसला, त्याचाच हा पुढचा भाग.

यादी अक्षरशः घेऊ नये, हे यादीच सांगते. याकोबाचा थोरला मुलगा रऊबेन, पण पहिलं नाव यहूदाचं, कारण सिंह त्या वंशाचा. लेवीला गणनेच्या मोजणीतून मुद्दाम वगळलेलं होतं, इथे तो आत आहे. योसेफही आहे आणि त्याचा मुलगा मनश्शेही, पण दुसरा मुलगा एफ्राईम याचं नाव नाही. दान नावाचा वंश तर पुरता गायब. दुसऱ्या शतकातला लिओनचा बिशप इरेनियस याने यावरून ख्रिस्तविरोधी दानाच्या वंशातून येणार असं अनुमान काढलं, यिर्मयाच्या एका वचनाचा आधार घेऊन. मला ते ओढूनताणून वाटतं. शिवाय इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन घेतल्यावर उत्तरेकडचे वंश विखुरले गेले होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक वंशातून नेमके १२,००० वेगळे काढायचे कुठून? आकड्याचंही तेच. बारा गुणिले बारा गुणिले हजार. एकविसाव्या अध्यायात नव्या यरुशलेमेची लांबी १२,००० स्तादिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) आणि तट १४४ हात भरतो. त्या नगराच्या भिंतीला कोणी टेप लावायला जात नाही, मग इथेच लोक डोकी का मोजत बसतात?

दोन गट मानणाऱ्यांचा पक्ष मात्र कच्चा नाही, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा आहे. एकीकडे मोजलेले, दुसरीकडे न मोजता येणारे. एकीकडे इस्राएलाचे वंश, दुसरीकडे सर्व राष्ट्रं. साध्या वाचनात हे दोन गटच वाटतात. अगदी जुने वाचकही तसं वाचत. प्रकटीकरणावरचं सगळ्यात जुनं उपलब्ध लॅटिन भाष्य पेटाऊचा बिशप व्हिक्टोरिनस याचं, तिसऱ्या शतकातलं. त्याच्या मते आकडा यहूद्यांतून विश्वास ठेवणाऱ्यांचा आणि समुदाय इतर राष्ट्रांचा. तेव्हा "हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं खूळ" असं म्हणणाऱ्याने जरा सबुरीने घ्यावं.

एकोणिसाव्या शतकाने भर घातली ती वेगळीच. धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी आणि पुढे १९०९चं टिपांसह छापलेलं स्कोफिल्ड बायबल यांच्या वाटेने एक वेळापत्रक पसरलं: मंडळी, म्हणजे चर्च, आधीच स्वर्गात वर घेतली जाणार, म्हणजे रॅप्चर. मग सात वर्षांचं संकट. त्यात १,४४,००० यहूदी ख्रिस्ताकडे वळून जगभर सुवार्ता सांगणार, आणि त्यांच्या प्रचाराचं फळ म्हणजे तो मोठा समुदाय. आपल्याकडच्या पेंटेकॉस्टल सभांतही हे अगदी घडून गेल्यासारखं सांगतात. माझी तक्रार एकच आहे. सातव्या अध्यायात हे १,४४,००० एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्यावर शिक्का बसतो, बस. चौदाव्यातही ते गाणं शिकतात, प्रचार करत नाहीत. आकडा, वंश, यहूदीपण सगळं अक्षरशः घ्यायचं असेल तर घ्या, त्यात निदान सुसंगती तरी आहे. पण जे पानावर नाही तेही अक्षरशः घ्यायचं, हे कसं चालेल?

यहोवाच्या साक्षीदारांविषयी तर दुहेरी गैरसमज आहे. लोक म्हणतात, त्यांच्या मते १,४४,०००च तरणार. त्यांचं तसं म्हणणंच नाही. त्यांच्या शिकवणीत १,४४,००० स्वर्गात ख्रिस्ताबरोबर राज्य करतील आणि मोठा समुदाय संकटातून वाचून पृथ्वीवरच्या नंदनवनात राहील. तारण दोघांचंही, पत्ते वेगळे. ही मांडणी पहिल्यापासूनची नाही. चळवळीचे संस्थापक चार्ल्स टेझ रसेल यांच्या काळात मोठ्या समुदायालाही स्वर्गातच, पण दुय्यम जागा मानत. ३१ मे १९३५ रोजी वॉशिंग्टनच्या अधिवेशनात रसेल यांच्यानंतरचे नेते जे. एफ. रदरफर्ड यांनी त्या समुदायाची आशा पृथ्वीवरची आहे असं जाहीर केलं. प्रभुभोजनाच्या स्मारकविधीत भाकर आणि द्राक्षारस फक्त स्वर्गाची आशा असलेलेच घेतात आणि बाकीचे ताट पुढे सरकवतात, ते यावरूनच.

माझा मतभेद इथे आहे: वाचन नेमकं उलटं झालं आहे. अध्यायात पृथ्वीवर आहेत ते शिक्क्याचे, आणि राजासनापुढे उभे दिसतात ते झावळ्यांचे, जे देवाच्या मंदिरात रात्रंदिवस सेवा करतात. एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर मोठ्या समुदायाचा घोष "स्वर्गात" ऐकू येतो. राजासनापुढे उभं राहणं म्हणजे जागेने तिथे असणं नव्हे, देवापुढे मान्य ठरणं, असं साक्षीदार म्हणतात. म्हणोत. पण वंश लाक्षणिक, वंशागणिक बारा हजार लाक्षणिक, आणि त्यांची बेरीज मात्र अक्षरशः, हे गणित मला कधीच पचलेलं नाही.

सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्टांत १,४४,००० म्हणजे शेवटच्या पिढीतले, मरण न पाहता प्रभूला भेटणारे, असा कल आहे, आणि शिक्क्याचा संबंध ते शब्बाथाशी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाशी, लावतात. मात्र त्यांच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट यांनीच हे लोक नेमके कोण यावर वाद घालू नका असं सांगून ठेवलं आहे. ऐकणारे थोडे.

शेवटी चौदावा अध्याय, कारण तो पुढे केल्याशिवाय कोणताही बायबल क्लास संपत नाही. तिथे १,४४,००० पुन्हा येतात, कोकऱ्याबरोबर सियोन डोंगरावर. आणि या वेळी योहान त्यांना पाहतो. ऐकणं आणि पाहणं यावर सगळी इमारत उभी करणाऱ्यांना, म्हणजे मलाही, हे वचन अडतं. माझं उत्तर असं की तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण कपाळावर घेणारे लोक येऊन गेलेत, आणि त्यांच्यासमोर कोकऱ्याचं नाव कपाळावर असलेली फौज उभी करायची म्हणून हजेरीचा आकडा परत आला. "स्त्रियांशी संबंध न आलेले" हे वर्णनही फौजेचंच. मोहिमेवर असताना दाविदाची माणसं हाच नेम पाळत, हे १ शमुवेल २१ मध्ये आहे. अक्षरशः घेतलं तर ते सगळे अविवाहित पुरुष ठरतील, आणि इतकं अक्षरशः घ्यायला आकडा अक्षरशः घेणारेही बहुतेक तयार नसतात.

पण चौदाव्या अध्यायाच्या त्याच चौथ्या वचनात त्यांना प्रथमफळ म्हटलं आहे. इथे दोन गट मानणाऱ्यांचं पारडं जरा जड होतं, हे मान्य करतो: प्रथमफळ म्हणजे पिकाचा पहिला वाटा, सगळं पीक नव्हे. दोघांपैकी कोणाचंही खरं धरलं तरी "फक्त १,४४,०००" मात्र उरत नाही. दहाच वचनांनंतर मेघावर बसलेला विळा चालवतो आणि पृथ्वीची कापणी होते, आणि त्या कापणीला योहानाने आकडा दिलेला नाही.