सोळा अंकांत न मावणारा कपॅसिटर

मे महिन्यात मुंबईत पंखा मंदावला की वायरमन नुसतं वर बघून सांगतो, "कंडेन्सर गेलाय." कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा भाग. अडीच मायक्रोफॅरडची ती डबी बदलली की पंखा पुन्हा पळायला लागतो. इतक्या साध्या वस्तूचं विद्युतचुंबकीय सिम्युलेशन, म्हणजे तिच्या वागण्याची संगणकावरची आकडेमोड, नेमकं घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवरच फसू शकतं. १ गिगाहर्ट्झला चोख उत्तर देणारा प्रोग्रॅम इथे कधी कधी चक्क उणे रोध दाखवतो!

हे प्रोग्रॅम धातूच्या पत्र्याचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकातला प्रवाह काढतात. समीकरणात दोन वाटे असतात: एक साठलेल्या विद्युतभाराचा, दुसरा वाहत्या प्रवाहाच्या चुंबकीय परिणामाचा. तरंगलांबीच्या मानाने तुकडा लहान होत गेला की दुसरा वाटा घटतो, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूटपट्टी. १ मिलिमीटरच्या तुकड्याला चुंबकीय वाटा येतो साधारण दहा हजारांत चार. ५० हर्ट्झची तरंगलांबी मात्र ६,००० किलोमीटर. चर्चगेट ते विरार शंभर वेळा! आता तो वाटा लिहायचा तर दशांशचिन्हापुढे सतरा शून्यं, मग १. संगणक सहसा एका संख्येचे सोळाएक अंक जपतो. कांद्याने भरलेल्या ट्रकवर कोथिंबिरीची जुडी ठेवली तर वजनकाटा हलेल का? बेरजेत चुंबकीय वाटा तसाच पुसला जातो.

भार न साठवता पत्र्यात गोल फिरणाऱ्या प्रवाहांवर त्याच वाट्याचा अंकुश असतो. तो गेला की समीकरणाला त्यांची कुठलीही किंमत चालते आणि तिथे आकडेमोडीतला कचरा शिरतो. कपॅसिटरमधला ऊर्जेचा ऱ्हास मुळातच इवलासा, त्यामुळे त्याचा आकडा आधी बिघडतो आणि रोध उणे दिसू शकतो. शंका आली की आपण तुकड्यांची जाळी आणखी बारीक करतो. इथे त्याने दुखणं वाढतंच.

खरा उपाय म्हणजे फिरते प्रवाह आणि भार साठवणारे प्रवाह सुरुवातीलाच वेगळे मांडून प्रत्येकाला त्याचं माप देणं. नुसती धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, हवी असेल तर स्थिर विद्युताचं गणित पुरतं.

आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. १ सेंटिमीटर बाजूच्या दोन चौरस पट्ट्या, मध्ये ०.१ मिलिमीटर हवा: धारिता सुमारे ८.८५ पिकोफॅरड, कडांमुळे किंचित जास्त. ५० हर्ट्झला प्रोग्रॅम ३ म्हणाला, तर मी कागदावर विश्वास ठेवेन.