देवनागरी अक्षरतंत्र, गोव्यातील

गोव्यात मराठी मजकूर छापण्याच्या, पडद्यावर उमटवण्याच्या आणि अलीकडे यंत्राकडून वाचून-लिहून घेण्याच्या पद्धतींना मिळून इथे अक्षरतंत्र म्हटले आहे. कोकणीही गोव्यात याच लिपीत लिहिली जाते, शिवाय रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही. त्यामुळे अक्षराचा प्रश्न इथे निव्वळ कारागिरीचा कधीच राहिला नाही. वृत्तपत्र, मोबाइल, दुकानाची पाटी, जत्रेतल्या नाटकाची जाहिरात यांचे रूप प्रत्येक नव्या तंत्राने बदलले. मात्र दर खेपेला घोडे एकाच जागी अडले : यंत्र बनवणाऱ्याने धरली होती त्याहून देवनागरीची अक्षरे जास्त निघाली.

भारतातला पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरला. निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्यात थांबला तो कायमचाच. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात त्याने काम सुरू केले. गार्सिया द ऑर्ताचा वनौषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मराठीची पाळी आली ती १६१६ मध्ये, आणि तीही परक्या वेषात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. इथली भाषा शिकून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते राचोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी मात्र रोमन. याचे कारण स्टीफन्सच्याच १६०८ च्या पत्रात सापडते. देशी अक्षरांत पुस्तके निघावीत अशी त्याची कैक वर्षांची इच्छा होती, पण त्यासाठी साचे लागणार होते सहाशेच्या घरात. युरोपात चोवीस अक्षरांत भागत होते. जोडाक्षरांचा हा हिशेब आजही कोणत्याही फॉन्ट बनवणाऱ्याला तोंडपाठ असतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातले मुद्रण बंद पडले. १८२१ मध्ये ‘गाझेता द गोवा’ हे वृत्तपत्र निघाले तेव्हा ते पुन्हा सुरू झाले, पण ते पोर्तुगीज होते. देवनागरी खिळे मुंबईत घडू लागल्यावरच मराठी वृत्तपत्रांना वाव मिळाला. त्यांतले गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे १९१२ मध्ये केप्याहून निघालेले ‘भारत’ महत्त्वाचे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि २४ मार्च १९६२ रोजी ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. ‘नवप्रभा’ १९७० मध्ये आले. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा जुळारी, शाईने काळी झालेली बोटे, उलटी अक्षरे सुलट वाचायची सवय हे सारे संगणक येईपर्यंत छापखान्यातले रोजचे दृश्य होते.

संगणकाने खिळे घालवले, पण सुरुवातीला एक वेगळीच अडचण आणून ठेवली. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. डोळ्यांना तेवढा मराठी दिसायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अग्रलेखाच्या जागी चिन्हांचा चिवडा. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी. त्या काळातल्या फाइली परिवर्तकातून, म्हणजे एका मांडणीचा मजकूर दुसरीत बदलणाऱ्या प्रणालीतून, काढल्याशिवाय शोधता येत नाहीत, आणि परिवर्तकही ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराला चिकटवतो. १९९१ मध्ये युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामायिक संकेतपद्धतीच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला. पण वृत्तपत्रांच्या पान लावणाऱ्या टेबलांवर तो पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली.

स्टीफन्सचे सहाशे साचे या १२८ जागांत मावले, कारण युनिकोड जोडाक्षर साठवतच नाही. व्यंजन, हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह), व्यंजन एवढीच माहिती साठते आणि आकार जुळवण्याचे काम फॉन्टवर सोपवले जाते. सोय मोठी, पण मराठीच्या काही लकबी यात सहज निसटतात. नेहमीचे उदाहरण दर्या आणि दऱ्या यांचे. पहिला गोव्याच्या पश्चिमेला आहे, दुसऱ्या सह्याद्रीच्या बाजूला, सत्तरी-सांग्याकडे. कळफलकावर ‘ऱ्य’ सापडला नाही की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि बातमी वाचणारा बुचकळ्यात पडतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. मराठीत त्यांचे वळण हिंदीहून वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ती रूपे नमूदही केली. मोबाइल आणि संगणकावर आयते मिळणारे फॉन्ट मात्र बहुधा हिंदी वळणाचे असतात. पाटी रंगवणाऱ्या पेंटराच्या हाताला मराठी ‘ल’ आपोआप वळायचा. त्याची जागा फ्लेक्सने घेतली आणि चतुर्थीच्या शुभेच्छांपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे हिंदी ‘ल’ झळकू लागला. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण अक्षराचे वळण हाही भाषेचा उच्चारच आहे. ‘मुक्त’, ‘बलू’ अशा खुल्या परवान्याच्या फॉन्टांमुळे निदान पर्याय तरी फुकट मिळू लागले आहेत.

मोबाइलने टंकलेखनच पालटले. गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी २०१७ मध्ये आली. ज्यांनी मराठी कळफलक कधी शिकला नाही अशा वयस्कर मंडळींना तिचा फायदा जास्त झाला. देवळाच्या उत्सवाचे हस्तपत्रक पूर्वी छापखान्यात जाई. आता ते चित्राच्या रूपात व्हॉट्सॲपवर फिरते, आणि मखर, पालखी, रात्रीच्या नाटकाचा प्रयोग हे सारे थेट प्रक्षेपणातून मुंबईतल्या कुळाव्यांपर्यंत, म्हणजे त्या देवळाशी पिढीजात नाते असलेल्या कुटुंबांपर्यंत, पोचते. गोव्यातल्या उत्सवी नाटकांच्या मंचावर रंगवलेल्या पडद्यांच्या जागी काही ठिकाणी एलईडी पडदा येऊ लागला आहे. राजवाडा क्षणात अरण्य होतो खरा, पण त्या उजेडापुढे नटाचा चेहरा काळवंडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत जुनाच हिशेब नव्या नावाने परतला आहे. ही साधने मजकुराचे तुकडे करून वाचतात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द पंधरा बाइटांचा होतो. तुकडे जास्त पडले की वेळ आणि खर्चही वाढतो. चित्रे बनवणारी साधने तर पाटीवर साधे जोडाक्षर लिहितानाही कधी कधी अडखळतात.

गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली, कोकणी २०२२ मध्ये. लिपी एक आणि शब्दही पुष्कळ सामायिक, त्यामुळे लहान वाक्य कोणत्या भाषेतले हे ठरवताना यंत्राचा गोंधळ उडू शकतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा आणि मराठीला सरकारी वापराची मुभा दिली. त्यामागचा कोकणी-मराठी वाद यंत्राच्या गावीही नाही, हे एका परीने बरेच.

गोव्यात सर्वांत जास्त हसे होते ते गावांच्या नावांचे. पोर्तुगीजांनी आपल्या उच्चाराप्रमाणे बेतलेली रोमन स्पेलिंगे नकाशांत आणि सरकारी यादीत तशीच राहिली. ती इंग्रजी समजून वाचली की केपे ‘क्वेपेम’ होते, म्हापसा ‘मापुसा’, डिचोली ‘बिचोलिम’. चोडण आणि हळदोणे तर ओळखूच येत नाहीत. अशा लिप्यंतरातून नाव मराठी बातमीत शिरले की संपादकाने वेळीच पकडावे लागते. नाही तर वाचकाला आपलाच गाव परका वाटतो.

पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले. जुनी मराठी नियतकालिके अभ्यासायला संशोधक तिथे जातात. अशी पाने स्कॅन करून त्यांतला मजकूर यंत्राकडून वाचून घेता येतो, पण झिजलेल्या खिळ्यांनी छापलेला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यंत्राला एकसारखे दिसतात. मग एकेक ओळ माणूस पुन्हा तपासतो. मुद्रितशोधकाचे काम गेले म्हणतात, ते इथे अजून शिल्लक आहे.