१८४ परार्ध दाणे आणि ६४१

२८ जुलै २०२५ला जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टरही झाली. मग आमच्या घरात माळ्यावरचा पट खाली आला आणि पटामागोमाग ती जुनी गोष्टही: बुद्धिबळ शोधणाऱ्याने राजाकडे मागितलेलं बक्षीस, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. धरमपेठेतली माझी भाची नुसतं ऐकून थोडीच थांबणार? तांदळाचा डबाच घेऊन बसली. आठव्या घराचे १२८ दाणे शेजारच्या घरांत सांडायला लागले, तेव्हा मोजणं सोडून वजन धरलं. ग्रॅमला ४० दाणे, म्हणजे सोळाव्या घराला आठशे ग्रॅम आणि एकविसाव्याला २६ किलोंची गोणी. "मामा, आता कळमन्याच्या बाजारातून ट्रक बोलवा लागते!"

गोष्टीतला राजा भारतातला, पण हिशेब जुन्या अरबी ग्रंथांत भेटतो. इ.स. १०००च्या सुमारास अल-बिरूनी या विद्वानाने बेरजा टाळून वर्गाची वाट धरली होती. २चा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, मग ६५,५३६. असे सहा वर्ग झाले की २चा ६४वा घात हाती येतो. त्यातून एक वजा केला की एकूण दाणे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

'लीलावती'त (११५०) भास्कराचार्यांनी दिलेली संख्यांची नावं परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर संपतात. हे दाणे १८४ परार्धांच्या वर जातात.

बहुतेक जण या आकड्याच्या आकारालाच तोंडात बोट घालतात. मला त्याचं पोट जास्त आवडतं. शाळेतलं 'अ वर्ग वजा ब वर्ग' पुन्हापुन्हा लावत गेलं की त्याचे सहा तुकडे पडतात, ज्यांचा गुणाकार तोच आकडा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. प्रत्येक तुकडा वरच्या २, ४, १६, २५६ अशा वर्गांच्या रांगेतल्या एकेका संख्येपेक्षा एकाने मोठा. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माला वाटलं, अशा सगळ्या संख्या मूळ संख्याच असणार. पहिल्या पाच आहेतही. सहावीने दगा दिला. १७३२मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं की ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे.

यातली गंमत अशी की, या सहाव्या संख्येच्या कुठल्याही अवयवाला ६४ने भागलं तर बाकी १च उरते. हेही पुढे ऑयलरनेच सिद्ध केलं. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नाला सापडणारी गोष्ट फर्मासारख्या माणसाच्या हातून निसटली!

तेव्हा दाण्यांच्या आकड्याचे मूळ अवयव सात, प्रत्येक एकदाच. त्यामुळे त्याचे एकूण विभाजक १२८, म्हणजे आठव्या घरातून सांडत होते तेवढे. भाचीचा यावर विश्वास बसला, पण ६४१वर नाही. तिने वहीत भागाकार मांडला. पहिल्यांदा कुठेतरी हातचा चुकला, दुसऱ्या खेपेला बाकी शून्य आली.