झपाटलेल्यांना पाहणारे

१६३४ साली फ्रान्समधल्या लूदाँ गावात मठातल्या ननच्या अंगातला सैतान उतरवण्याचे विधी भर लोकांसमोर चालत. ते बघायला लांबलांबून झुंडी येत. कुणाची दातखीळ बसे, कुणी भारावून गुडघे टेकी, तर काही चिकित्सक मंडळी मुख्य ननच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानाचं लॅटिन इतकं कच्चं कसं, असं विचारत. चेटूक केल्याच्या आरोपावरून उर्बें ग्रँदिए या धर्मगुरूला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिवंत जाळलं, पण त्यानंतरही काही वर्षं हे जाहीर खेळ चालूच राहिले. घाबरणारा, भारावणारा आणि चुका काढणारा असे तिन्ही प्रेक्षक सिनेमाचा शोध लागण्याच्या अडीचशे वर्षं आधीच हजर होते.

पडद्यावर हा विषय सुरुवातीला तसा सौम्यपणेच आला. १९३७ साली पोलंडमध्ये यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत बनलेल्या ‘द डिबुक’मध्ये मेलेल्या प्रियकराचा आत्मा नवरीच्या अंगात शिरतो; ती भयकथेपेक्षा प्रेमकथाच जास्त. प्रेक्षकाची भीती हाच विकायचा माल आहे हे पुरतं ओळखलं ते विल्यम कॅसल या अमेरिकी निर्माता-दिग्दर्शकाने. १९५८ च्या ‘मकाब्र’च्या वेळी त्याने प्रत्येक प्रेक्षकाला हजार डॉलरचा विमा दिला: चित्रपट बघताना भीतीने मेलात तर पैसे वारसांना! तो चित्रपट काही भूतबाधेचा नव्हता, पण पुढच्या सगळ्या जाहिरातबाजीचं मूळ तिथे सापडतं.

मग २६ डिसेंबर १९७३ ला ‘द एक्झॉर्सिस्ट’ आला. विल्यम पीटर ब्लॅटीच्या १९७१ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट विल्यम फ्रीडकिनने दिग्दर्शित केला होता, आणि कादंबरीमागे १९४९ मधल्या एका मुलाच्या कथित भूतबाधेचं प्रकरण होतं. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत लोक तासन्‌तास रांगा लावत. आत कुणाला भोवळ येई, कुणाला उलटी होई, कुणी अर्ध्यातून उठून जाई. या बातम्या वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून पसरल्या आणि रांगा आणखी वाढल्या. चित्रपटात काय आहे यापेक्षा आपलं तिथे काय होतं, हे बघायला लोक जाऊ लागले.

गंमत अशी की अनेकांना सर्वांत असह्य झालेल्या प्रसंगात सैतानाचा काही संबंधच नाही. चित्रपटातल्या झपाटलेल्या मुलीच्या मेंदूची तपासणी करताना मानेत सुई खुपसतात आणि रक्ताची चिळकांडी उडते, तो रुग्णालयातला प्रसंग. मला तर फ्रीडकिनची खरी हुशारी इथेच दिसते. आधी डॉक्टर, यंत्रं, अहवाल दाखवून त्याने प्रेक्षकाची सगळी शंका खर्ची घातली. धर्मगुरू घरात येईपर्यंत अविश्वास दाखवायला कुणाकडे बळच उरलं नव्हतं.

१९७५ साली जेम्स बोझुटो या मानसोपचारतज्ज्ञाने हा चित्रपट पाहिल्यानंतर त्रास सुरू झालेल्या चार रुग्णांवर शोधनिबंध लिहिला. लाखोंनी पाहिलेल्या चित्रपटामागे चार रुग्ण, हे प्रमाणही ध्यानात ठेवायला हवं. ब्रिटनमध्ये मात्र धास्ती टिकली. चित्रपटगृहांत दाखवलेला हाच चित्रपट घरच्या व्हिडिओसाठी १९९९ पर्यंत अडून राहिला.

कॅसलची युक्ती २००९ साली नव्या रूपात परतली. सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित झालेल्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’च्या जाहिरातीत चित्रपटाच्या बरोबरीने अंधारात टिपलेले प्रेक्षकच दाखवले: दचकणारे, किंचाळणारे, शेजाऱ्याला बिलगणारे.

पण प्रेक्षक हिशेबही चुकता करतो. अमेरिकेत पहिल्याच दिवशी चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी घेणारी ‘सिनेमास्कोअर’ नावाची संस्था आहे. २०१२ च्या ‘द डेव्हिल इनसाइड’ला तिथे ‘एफ’, म्हणजे थेट नापास श्रेणी मिळाली. गोष्ट ऐन भरात असताना तोडून पडद्यावर एका संकेतस्थळाचा पत्ता झळकवला होता. लोकांनी हुर्यो उडवली. पहिल्या आठवड्याअखेरीस ३ कोटी डॉलरहून जास्त कमावलेल्या या चित्रपटाचा गल्ला दुसऱ्या आठवड्यात जवळपास तीन चतुर्थांशाने कोसळला. उलट २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’ला ‘ए वजा’ मिळाली, जी भयपटांना क्वचितच मिळते. तिथे बाधा झालेल्या बाईला सोडवलं जातं, कुटुंब सावरतं.

२०१८ च्या ‘हेरेडिटरी’त कुणीच सावरत नाही. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, तर प्रेक्षकांनी ‘डी अधिक’ देऊन टाकली. वाईट शक्ती जिंकली की बघणारा चिडतो, आणि तो राग श्रेणीत उतरतो. त्या ‘डी’वरून चित्रपट भीतीदायक नव्हता असा निष्कर्ष काढणं, माझ्या मते, साफ चूक आहे.