बुद्धिबळाची बदललेली मांडणी: 960 पर्यायांमागचा इतिहास

बुद्धिबळातील सोंगट्यांची सुरुवातीची मांडणी बदलण्याची कल्पना माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांच्या नावाशी जोडली गेली असली, तरी ती त्यांच्याहून दोनशे वर्षांनी जुनी आहे. डच लेखक फान झाउलेन फान नेइव्हेल्ट यांनी 1792 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पाठ केलेल्या चालींपेक्षा खेळाडूची स्वतःची बुद्धी पणाला लागावी म्हणून मागच्या रांगेतील सोंगट्या अदलाबदल करून मांडाव्यात, असे सुचवले होते. त्याआधी शतरंजच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाच्या, काळात अडचण नेमकी उलटी होती. तेव्हा वजीर आणि उंट यांच्या चाली आखूड असल्याने डाव रंगायला फार वेळ लागे, आणि म्हणून अरब उस्ताद ‘ताबिया’ नावाच्या ठरावीक रचना लक्षात ठेवून तिथवर झटपट पोहोचत.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत असे प्रयोग अधूनमधून होत राहिले. 1970च्या दशकात ग्रँडमास्टर पाल बेंको यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीत पटावर आधी फक्त प्यादी असत आणि दोन्ही खेळाडू आपली बाकीची मोहरी आळीपाळीने मागच्या रांगेत मांडत. मात्र सोंगट्या नुसत्या चिठ्ठ्या टाकून मांडल्या, तर दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांत येऊ शकतात आणि किल्लेकोटालाही, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या खेळीलाही, अर्थ उरत नाही. त्यामुळे तो खेळ मूळ बुद्धिबळासारखा वाटेनासा होतो.

माझ्या मते फिशर यांचे खरे श्रेय सोंगट्या विस्कटण्यात नसून त्या विस्कटण्याला शिस्त लावण्यात आहे. 19 जून 1996 रोजी ब्यूनोस आयर्स येथे त्यांनी जाहीर केलेल्या नियमांनुसार दोन्ही उंट विरुद्ध रंगाच्या घरांत हवेत, राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा आणि काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या बरोबर समोर, तशीच हवी. हिशेब सोपा आहे: उंटांसाठी 16 पर्याय, उरलेल्या सहा घरांत वजिरासाठी 6, त्यानंतर दोन घोड्यांसाठी 10, आणि शेवटच्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती हा एकच क्रम, असे मिळून 960. आपली नेहमीची मांडणी याच यादीत 518व्या क्रमांकावर आहे. किल्लेकोट झाल्यावर राजा आणि हत्ती नेहमीच्याच घरांत पोहोचतात. म्हणून राजा डाव्या टोकाच्या शेजारच्या, म्हणजे ‘बी’ स्तंभातील घरात असेल, तर तो एका चालीत पाच घरे सरकून ‘जी’ स्तंभात जाऊन बसतो. हे प्रथम पाहणाऱ्याला चूकच वाटते.

2001 मध्ये माइन्त्स येथे पेटर लेको यांनी मायकेल ॲडम्स यांना आठ डावांच्या सामन्यात 4.5–3.5 असे हरवले, तेव्हा अव्वल खेळाडूंचे या प्रकाराकडे लक्ष गेले. 2008 मध्ये फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने आपल्या नियमावलीच्या पुरवणीत त्याला स्थान दिले. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा 2019 मध्ये नॉर्वेत झाली आणि अंतिम फेरीत वेस्ली सो यांनी मॅग्नस कार्लसन यांना 13.5–2.5 अशा मोठ्या फरकाने नमवले. 2022 ची स्पर्धा हिकारू नाकामुरा यांनी रेक्याविक येथे जिंकली, म्हणजे जिथे फिशर 1972 मध्ये विश्वविजेते झाले होते, त्याच शहरात.

या प्रकाराच्या प्रसाराला वेग येण्याचे कारण संगणक. घरी संगणकाच्या मदतीने वीस-वीस चालींची तयारी करून येणे सर्वांनाच शक्य झाल्यावर, मांडणी डावापूर्वी थोडाच वेळ आधी कळणे हा एकच उपाय उरला. फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील वाइसेनहाउस येथील स्पर्धेत मांडणी जाहीर होताच पांढऱ्या सोंगट्यांचे खेळाडू एकत्र जमून पहिल्या चालीवर चर्चा करत होते.